वळख न्हाई

(नोव्हेंबर १९८९. औरादजवळच्या गावची शाळा, आज मतदान केंद्र. बसवंतप्पा हे गुलबर्ग्याहून आलेले केंद्राध्यक्ष. अंकुशराव गावातले शेतकरी, एका पार्टीचे एजंट. समोर विमल, पहिल्यांदाच मताला आलेली.)

अंकुशराव : न्हाई म्हणजे न्हाई साहेब. हरकत लिहून घ्या. ह्या पोरीला मी वळखत न्हाई.

विमल : परवा तुमच्याच रानात खुरपायलते की अण्णा. "हात चालव" म्हणून वरडायलते तुम्ही.

अंकुशराव : रानात धा बाया येत्यात. सगळ्यांची तोंडं पाठ करायला मी काय शाळामास्तर हाय?

बसवंतप्पा : मी शाळामास्तरच हाय हो. पण मला ह्या गावात कुत्रंबी वळखत न्हाई. अम्मा, काही कागद?

विमल : राशन कार्ड हाय.

अंकुशराव : त्याच्यावर हिचं तोंड छापलंय का?

विमल : तुमच्या कार्डावर तुमचं छापलंय का? साहेब, आमच्या बुद्धवस्तीत कुणालाबी इचारा.

अंकुशराव : वस्तीतले एकमेकांना वळखणारच! गावातला माणूस पायजे.

विमल : म्हंजी वस्ती गावात न्हाई. मतं मागायला आल्ते तवा व्हती.

अंकुशराव : दिल्लीनं घटना बदलली, एकविसाचं अठरा केलं, अन् लगीच जीभ सुटली पोरींना!

विमल : जीभ आदीपासून हाय, मत नव्हतं. साहेब, मागल्या टायमाला माय आली तर म्हणले, बाई, तुझं मत पडलं. तिच्या नावानं कोण आल्तं, ते कामून कुणी वळखलं न्हाई? दिसभर जेवली न्हाई माय. मी मत दिल्याबिगर जात न्हाई.

बसवंतप्पा : समाधान अम्मा, समाधान, जरा शांत हो. हरकत आलीय, तर कुणीतरी वळख सांगितली पायजे. शिपाई पाठवतो. तवर बस तिकडं.

विमल : बसते. घोटभर पाणी पिते तवर.

अंकुशराव : ए! ए विमल! पिराजीच्या पोरी! घागरीला हात लावू नगंस, बाटवशील! आमच्या घरची हाय ती!

बसवंतप्पा : काय म्हणालात?

अंकुशराव : घागर... घागर म्हणलं मी.

बसवंतप्पा : त्याच्या आदी. यादीत बगा : विमल, बापाचं नाव पिराजी. शिपायाला पाठवायचं काम न्हाई. हरकत घेणाऱ्यानंच वळख सांगितली.

अंकुशराव : साहेब, ते आपलं तोंडातून गेलं.

विमल : जाणारच. तिथं अण्णा कदी चुकत न्हाईत. बापाच्या नावासकट वळखतेत.

बसवंतप्पा : "बाटवशील" बी म्हणालात. तेबी लिहून घेऊ?

अंकुशराव : ऱ्हाऊ द्या साहेब. घ्या तिचं मत.

बसवंतप्पा : बोट पुढं कर अम्मा. का आदी पाणी पितीस?

विमल : न्हाई साहेब, आदी मत. पाणी पिऊस्तवर अण्णा पुन्हा इसरतील मला.