पालकसभेत मी पायल झाले

...आणि वर मलाच म्हणतात, "गजभिये मॅडम, किती नॅचरल रडलात तुम्ही!" नॅचरल! अहो, मी खरंच रडत होते! माझी एकुलती एक मुलगी माझ्या डोळ्यांदेखत कोचीला निघून गेली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवतोय... म्हणजे अजून गेली नाही, बारावीची परीक्षा व्हायचीय, पण गेल्यातच जमा! आणि पाठवली कोणी? मी! तुम्हाला सांगते, मी त्या शाळेत नुसती बसायला गेले होते!

नाही, थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल बाई जरा जास्तच करते. आमची पायल. बारावी सायन्स. मुलगी गुणी आहे हो, अभ्यास सांगावा लागत नाही, उलटून बोलत नाही, फक्त तिला समुद्रातल्या प्राण्यांचं शिक्षण घ्यायचंय. समुद्रातल्या! जन्मली नागपुरात, वाढली नागपुरात, देशाच्या बरोब्बर मधोमध, इथून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र यायच्या आधी तुम्हाला दोनदा तरी जेवावं लागतं... आणि हिला जेलीफिश! एकदा, आयुष्यात एकदाच, आम्ही गणपतीपुळ्याला गेलो, बाकीची मुलं उंटावर बसली, ही वाळूत पडलेल्या एका चिकट गोळ्याशेजारी बसली, ती तिथून उठलीच नाही असं मला आता वाटतं.

मी म्हटलं, अगं मासेच शिकायचेत ना, मग इथेच शीक की! माशांचं कॉलेज नागपुरातही आहे, फुटाळा तलावात काय मासे कमी आहेत? तर माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मलाच माशासारखं वाटायला लागलं, तोंड उघडं आणि आवाज नाही. "मम्मी, ते गोड्या पाण्यातले. मला खाऱ्या पाण्यातलं करायचंय." आणि खारं पाणी कुठे? कोचीला! का, मुंबईला संपलं का? गोव्याचं आटलं? नाही, कोचीच!

मी 'नाही' म्हटलं नाही हं. मी शिकलेली बाई, मानसशास्त्रात एम.ए., मुलांना तोंडावर 'नाही' म्हणायचं नसतं हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून मी म्हटलं, 'बघू'. आता आमच्या घरात 'बघू'चा अर्थ दूधवाल्यालासुद्धा कळतो, पण म्हणायला मी काही 'नाही' म्हटलेलं नाही!

बरं, नवऱ्यानं काही बोलावं? रविंद्र वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये मॅनेजर. दिवसभर फोनवर "अबे, गाडी कुठी हाय तुही? अमरावती सोडली का नाई?" करून करून घरी येईपर्यंत आवाज संपलेला असतो. कुठला ट्रक कुठल्या नाक्यावर अडकलाय ते या माणसाला झोपेत विचारा. आणि मुलगी कुठे चाललीय म्हटलं, तर "मायले विचार."

माय म्हणजे माझ्या सासूबाई, अंजनाबाई. आणि इथेच तर माझी सगळी भिस्त होती! सासूबाईंचा शब्द म्हणजे आमच्या घरात शेवटचा शब्द. आणि नातीवर जीव असा की पायल कोपऱ्यावर ट्यूशनला गेली तरी ह्या गॅलरीत उभ्या, "आली काय वं पोरगी? अजून काहून नाही आली?" त्यांना मी कोचीचं सांगितलंच नव्हतं. राखून ठेवलं होतं! अगदी शेवटी सांगायचं, त्या 'नाही' म्हणणार, मी हात वर करणार, "बघ बाई, मी तर तयार होते, पण आजी..." म्हणजे आई म्हणून मी चांगलीची चांगली आणि मुलगी घरातल्या घरात! काय सुंदर बेत होता हो! सांगा, काय वाईट होतं त्यात?

आणि शाळेचा मेसेज आला. 'बारावीच्या पालकांसाठी कॉलेज प्लॅनिंग कार्यशाळा. दोन्ही पालकांची मुलांसह उपस्थिती अनिवार्य.' उपस्थिती म्हटलं होतं, बरं का! अभिनय म्हटलं नव्हतं! मला वाटलं, पडद्यावर कॉलेजांची नावं दाखवतील, आपण मान हलवायची, समोसा खायचा, घरी यायचं. मी नुसती बसायला गेले होते!

शेजारी येऊन बसली पायलच्या वर्गातल्या साहिलची आई. बसायच्या आधीच सुरू, "आमच्या साहिलचं त नववीतच ठरलं. तुमच्या पायलचं अजून ठरूनच राह्यलं काय?" मी म्हटलं, हो, जरा ठरतंय. "अय्या, अजून?" म्हणाली, जशी काही माझ्या मुलीला अजून रांगताच येत नाही.

तेवढ्यात आल्या वैभवी मॅडम, शाळेच्या काउन्सेलर. माझ्याहून लहानच असतील, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आहे ना... ते बघितलं की मला आपलं काहीतरी चुकलंय असंच वाटायला लागतं. टाळी वाजवून म्हणाल्या, "पेरेंट्स! आज आपण ऐकायचं नाहीये, आज अनुभवायचंय! आज मुलं होतील आई-बाबा, आणि आई-बाबा होतील मुलं! घरात जो वाद चाललाय तो इथे करायचा, आणि निर्णय घेऊनच खाली उतरायचं!"

मी खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. काय शोधत होते? काही नाही! पण पर्समध्ये डोकं घातलेल्या बाईला कोणी स्टेजवर बोलावत नाही असा माझा अनुभव होता.

आधी साहिलकडचे गेले. साहिल झाला आई आणि आल्या आल्या पहिलं वाक्य, "आमचं त नववीतच ठरलं!" हॉल फुटला! आणि साहिलची आई साहिल होऊन उभी, मॅडमनी विचारलं, "साहिल, तुला काय व्हायचंय?" तर बाई इकडे बघते, तिकडे बघते, शेवटी म्हणाली, "मम्मीले विचारा ना." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, मी मोठ्यानं हसले... आणि तेच चुकलं! मॅडमचं लक्ष गेलं. "गजभिये फॅमिली! या, या!"

आता या म्हटल्यावर काय करणार? मी नुसती बसायला गेले होते, पण उभी केली मला!

मॅडमनी रविंद्रला विचारलं, "सर, तुमच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा?" रविंद्रनं क्षणभरही विचार केला नाही, "माझ्या मायचा." मॅडम म्हणाल्या, "ग्रेट! मग तुम्ही व्हा आजी!" मी मनात म्हटलं, झालं, हा माणूस लग्नात माळ घालतानासुद्धा लाजला होता, हा कसला आजी होतोय! तर साहेबांनी माझ्या खांद्यावरची ओढणी ओढली, डोक्यावरून घेतली, खुर्चीवर पाय वर घेऊन मांडी ठोकली आणि खाकरले. तुम्हाला सांगते, माझा हात आपोआप चहा टाकायला उठला! हुबेहूब अंजनाबाई!

आणि पायल? पायलनं माझी पर्स काखेत मारली, भुवया वर चढवल्या आणि सुरू! "पायल, बोल. नाही, आधी पाणी पी. बोल, मी ऐकतेय... केस बांध आधी, डोळ्यांत चाललेत. हं, कोची म्हणालीस ना? मी नाही कुठे म्हणतेय? मी फक्त म्हणतेय, बघू!" लोक हसून हसून खुर्च्यांवर लोळायला लागले. मी अशी आहे? मी अशी बोलते? मी साहिलच्या आईकडे बघितलं, तर ती जोरजोरात मान हलवत होती, हो हो, अश्शाच बोलता!

आता मला पायल व्हायचं होतं. आणि माझं नशीब बघा, मला तिचे सगळे मुद्दे पाठ! का पाठ? तर कित्येक आठवडे पोळ्या लाटताना मी मनातल्या मनात तेच एकेक खोडून काढत होते! पण स्टेजवर खोडायची माझी पाळीच नव्हती ना. मी पायल होते! मला फक्त मांडायचे होते. आणि माणूस एकदा मांडायला लागला की...

आई झालेली पायल म्हणाली, "अगं, नागपुरात समुद्र नाही म्हणून तर आपण सुरक्षित आहोत!" माझंच वाक्य! कुकरच्या शिट्टीच्या वर आवाज चढवून म्हटलेलं! आणि मी काय बोलले असेन? मी म्हटलं, "मम्मी, मागे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आपला फ्रिज हॉलमध्ये तरंगत आला होता, तेव्हा कुठला समुद्र आला होता?" टाळ्या! मला टाळ्या! मला उभ्या जन्मात कोणी टाळ्या दिल्या नव्हत्या हो, माझं डोकं जरा फिरलंच.

ती म्हणाली, "तिथली भाषा तरी येते का तुला?" मी म्हटलं, "तू नाशकाहून लग्न होऊन इथे आलीस, तेव्हा तुला आजीची भाषा येत होती? आजी 'काहून' म्हणायची आणि तू कावळ्यासारखी बघत राहायचीस. शिकलीस ना? मग मी नाही शिकणार?"

"अगं पण एकटी?"

"तू कोणाला घेऊन आली होतीस?"

आणि हे बोलले आणि मला ती मी दिसली हो... नागपूर स्टेशनवर उतरलेली, उन्हानं लाल झालेली, एकवीस वर्षांची, कोणाला हाक मारावी तेही न कळणारी. आणि माझी आई तिकडे नाशकात काय करत असेल, हा विचार तोवर माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. आता आला. स्टेजवर! सगळ्यांसमोर! मी ढसाढसा रडायला लागले, आणि मागून मॅडम हळूच, "सुपर! होल्ड दॅट!"

काय होल्ड? नाक?

तर खुर्चीवरून आजी कडाडली, "काय वं मेघा, पोरगी काहून रडून राह्यली? शिकाले जातो म्हनते ना ते? मंग जाऊ दे ना वं! मले कोनी शिकाले धाडलं असतं त मी आगगाडीच्या टपावर बसून गेली असती! अन् तू येवढी शिकलेली बाई, पोरीची वाट अडवतं?" अख्खा हॉल उभा राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं घरात कधी मत दिलं नाही, आणि दिलं ते आईच्या आवाजात, माझी ओढणी घेऊन!

मी पायलकडे बघितलं. म्हणजे आईकडे. म्हटलं, अजूनही एक आशा आहे, ही मी आहे, ही तरी 'नाही' म्हणेल! तिनं पर्स खांद्यावर नीट केली आणि हळू आवाजात म्हणाली, "ठीक आहे. जा. पण स्वेटर घेऊन जा."

मॅडमनी विचारलं, "पायल, आई इतक्या पटकन हो म्हणेल?"

"पटकन नाही मॅम. आधी ती दोन दिवस भांडी आपटते. पण शेवटी म्हणते. मम्मी नेहमी हो म्हणते."

"आणि कोचीला स्वेटर?"

"तिथे लागत नाही मॅम. पण मम्मी देतेच."

मॅडमनी जाहीर करून टाकलं, "निर्णय झाला! सगळ्या घरानं मिळून घेतला!" मी म्हटलं, अहो मॅडम, मी मेघा म्हणून अजून एक अक्षर बोलले नाहीये! तर म्हणाल्या, "किती सुंदर बोललात तुम्ही!" मी नुसती बसायला गेले होते आणि उतरताना माझी मुलगी कोचीची होऊन उतरली!

घरी आल्यावर मी शेवटचा पत्ता टाकला. सासूबाईंपुढे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. कोची, समुद्र, आणि तुमच्या लेकानं तुमच्या नावानं दिलेली परवानगी! सासूबाई ताडकन उठल्या, "मी? मी असं म्हटलं? मी त पोरीले फाटकाच्या भायेर जाऊ देत नाई!" माझा जीव भांड्यात पडला. असा पडला, असा पडला...

तेवढ्यात रविंद्र, "माय, लई लोकं होते."

"लोकायसमोर म्हटलं मी?"

"हो. लोकायनं टाळ्या वाजवल्या तुले."

सासूबाईंनी पदर सावरला. खाली बसल्या. "मंग आता काय करतं? लोकायसमोर शब्द देऊन राह्यली मी. अंजनाबाई शब्द फिरवत नाई. जाऊ द्या पोरीले." आणि मग लेकाकडे वळून, "अन् पुढच्या खेपेले मी काई बोलली, त मले आंधी सांगत जा गा!"

संपलं! मॅडम पायलच्या बाजूला गेल्या, नवरा गेला, सासूबाईही गेल्या. मी काही बोलायला जावं, तर प्रत्येक मुद्द्याचं उत्तर मीच देऊन बसलेली! तरी भांडी आपटली हो मी. दोन दिवस आपटली. पायल शांतपणे पुसून जागेवर ठेवत होती.

परवा संध्याकाळी ती नकाशा बघत बसली होती. मला राहवेना, तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "अगं, सगळं खरं, पण तिथे करमलं नाही तर? ना ओळखीचं माणूस, ना घरचं जेवण, संध्याकाळ झाली की जीव नुसता खायला उठेल... कसं होणार गं माझं?"

तिनं मान वर केली. माझे केस कानामागे सारले. आणि अगदी समजूत घालावी तशी म्हणाली, "मम्मी, तू नाही जाणार आहेस. मी जाणार आहे."

घ्या! म्हणजे भांडले मी, रडले मी, परवानगी मिळवली मी... आणि नागपुरात राहायचं कोणी? मीच!