सर्वांत कमी पाणी वापरणारं घर

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन भगवानभाऊ, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे छगनभाई, कमिटीचे सर्व सभासद, आणि सुरतेच्या, त्यातही आपल्या भेस्तानच्या या उकाड्यात माझ्यासाठी ताटकळलेल्या बंधू-भगिनींनो,

मराठी शाळेत आयुष्यभर मी मुलांना पाणीबचतीवर निबंध लिहायला लावले. त्यातून किती पाणी वाचलं, देव जाणे! आज मात्र मीटरवर माझ्या घराचा आकडा सगळ्यांत कमी आला, म्हणून तुम्ही मला शाल दिलीत. मघाशी जिन्यात शेजारची पूजा म्हणाली, "सुमनआंटी, तमे तो कमाल करी! जरा आम्हालाही शिकवा ना."

शिकवते. मास्तरीण आहे, सवय जात नाही. अंघोळीला शॉवर नको, बादली घ्या. दात घासताना नळ कशाला चालू हवा? भाजी पातेल्यात धुवा, ते पाणी तुळशीला घाला. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरा, त्यानं फरशी पुसा. नळ गळत असेल तर वायसर बदला. प्लंबर आजचं उद्यावर ढकलतो, त्याच्या मागे लागा. झालं. यापलीकडे माझ्याकडे काही गुपित नाही.

पण भगवानभाऊ, एक विचारू का? हे सगळं मी दिवाळीआधीही करत होते. तेव्हा माझा आकडा कमी का नव्हता बरं?

तेव्हा घरात पाच माणसं होती. हे गेल्यावरही घर भरलेलं होतं. मग शुभमची बदली बडोद्याला झाली. तो, सूनबाई चंचल आणि दोन्ही नातवंडं गेली. "आई, तुम्हीही चला ना," चंचल म्हणत होती. मी म्हटलं, इथे माझे शेजारी आहेत, मला काय कमी? मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं. थोरला नातू अंघोळीला गेला की बाहेर यायचं नाव घ्यायचा नाही. मी दाराबाहेरून ओरडायचे, घसा बसायचा माझा. आता घसा उत्तम आहे. कधी कधी दिवसभर वापरातच येत नाही.

हसा, हसा. मलाही हसू येतं.

तुम्ही दर महिन्याला आकडा पाहिलात, त्याचं कौतुकही केलंत. तो खाली का आला, हे विचारायला मात्र कुणी बेल वाजवली नाही. रागावून बोलत नाही हं मी. तुमचे लूम, तुमच्या पाळ्या, मुलांचे क्लास, सगळं कळतं मला. पण एकटं वाटतं हो. फार वाटतं.

कमिटीनं लिफ्टपाशी पाटी लावली आहे, 'पाहुण्यांना अर्धाच पेला पाणी द्या.' सूचना चांगली आहे. माझी पंचाईत एवढीच, की पाहुणा आणू कुठून?

तेव्हा अध्यक्ष महोदय, शाल मी ठेवून घेते, पण पुढच्या वर्षी हा सत्कार मला मिळता कामा नये. माझा आकडा तुम्ही सगळ्यांनी मिळून वाढवायचा. पाळी सुटली की चहाला या. खेळून आलेली पोरं हातपाय धुवायला माझ्याकडे पाठवा. कपबशांनी मोरी भरू दे, मी कुरकुरत विसळीन.

छगनभाईंनी वेळ काढला, कमिटीनं एवढा घाट घातला, तुम्ही शांतपणे ऐकलंत. मी सर्वांची ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला. आणि माफ केलंत की नाही, ते फोनवर कळवू नका. घरी येऊन सांगा.