दरेनिकच्या पेनल्टीचा वारा

आर्मेनियातल्या ग्युमरीत लवाशच्या पातळ रोट्यांच्या भट्टीपुढे रांग होती. कधीकाळचा फुटबॉलमधला फॉरवर्ड दरेनिक कानटोपी ओढून उभा होता. त्याच्यापुढे दोन तरुण बोलत होते.

"फायनलची पेनल्टी आभाळात मारणाऱ्याचं नाव ठेवलं तुला?"

"सेमीफायनलला त्यानंच गोल मारला ना! मी त्याच दिवशी जन्मलो. बाबांनी हॉस्पिटलच्या खिडकीखालून आईला ओरडून सांगितलं, 'दरेनिक!'"

"मग फायनलनंतर बदलायचं."

"आजी मागेच लागली होती. बाबा म्हणाले, वारा होता."

"काका, तुम्हाला आठवतो तो सामना? होता वारा?" पहिल्यानं मागे वळून कानटोपीवाल्याला विचारलं.

"छे! पानही हलत नव्हतं."

"हळू बोला हो! ते भट्टीपाशी बाबाच उभे आहेत. तीस वर्षं त्या वाऱ्यासाठी भांडतायत."

दरेनिकनं टोपी आणखी खाली ओढली.

"होता, होता," तो म्हणाला. "चांगलाच होता."