गुरुवारची गैरहजेरी

अ‍ॅपवाली: ...म्हणजे उद्यापासून सकाळी सहाला तुमचा फोन वाजणार नाही, काका. ज्याला यायचं नाही त्याने हे बटण दाबायचं, यादीतलं कारण निवडायचं, झालं.

सुपरवायझर: एकवीस वर्षं त्याच फोनवर उठतोय मी. आमच्या घरात गजराचं घड्याळ घेतलेलंच नाही.

अ‍ॅपवाली: यादी बघा ना जरा. बारा वाजता वर साहेबांना दाखवायचंय. लाँड्रीतलं एखादं कारण राहिलं असेल तर आत्ताच सांगा.

सुपरवायझर: आजारपण. लग्न. घरचं काम. मृत्यू, जवळचा. मृत्यू, लांबचा. जवळचा म्हणजे किती किलोमीटर?

अ‍ॅपवाली: नात्याने, काका.

सुपरवायझर: मग आमच्या इस्त्रीवाल्याची आत्या कुठे घालायची ते ठरवा. चार वर्षांत तीनदा गेली. कोणती आत्या विचारलं, तर म्हणतो, तीच.

अ‍ॅपवाली: असलंच तर पकडायचंय. हा लाल ठिपका दिसतोय? तुमच्या दोन वर्षांच्या हजेरीच्या वह्या यात भरल्या, तर यंत्राने आपणहून एक नाव बाजूला काढलं. साहेब ठिपक्यावर जाम खूश आहेत.

सुपरवायझर: कुणाचं नाव?

अ‍ॅपवाली: तीन नंबरच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालते ती. एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी ताप. शुक्रवारी ठणठणीत. पन्नासेक वेळा, तुमच्या अक्षरात.

सुपरवायझर: साहेबांनी नाव बघितलं?

अ‍ॅपवाली: अजून नाही. बाराला दिसेल. मग तिला नोटीस आपोआप जाते.

सुपरवायझर: आपोआप. म्हणजे कुणी पाठवली असं तिने विचारलं तर?

अ‍ॅपवाली: कुणीच नाही.

सुपरवायझर: सोय चांगली आहे.

अ‍ॅपवाली: काका, पाय हलवू नका, टेबल हलतंय. भानगड काय आहे ते सांगा ना.

सुपरवायझर: नाही सांगणार म्हणून शब्द दिलाय.

अ‍ॅपवाली: मग ठिपका राहू दे.

सुपरवायझर: दार लोटा आधी. ...तिचा धाकटा भाऊ तुरुंगात आहे. चोरीत सापडला. आईबाप नाहीत, हिनेच वाढवला. भेट एक गुरुवार सोडून, अकरा ते एक. जाऊन-येऊन दिवस जातो. तुरुंगवाले काही आपल्या पाळ्या बघून वार लावत नाहीत.

अ‍ॅपवाली: मग हे साहेबांना सांगता आलं असतं. माणूस वाईट नाही.

सुपरवायझर: मॅडम, इथे हॉटेलांचे टॉवेल येतात. रोज दोन-चार कमी भरतात, कुठे जातात ते कुणाला माहीत नाही. भावाचं कळलं की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होईल. हिची पिशवी फाटकापाशी रोज उलटी होईल. म्हणून मी ताप लिहितो.

अ‍ॅपवाली: मी 'वैयक्तिक' असं एक कारण टाकते. कुणी तपशील विचारायचा नाही.

सुपरवायझर: आणि ते तिने पन्नास वेळा दाबलं की?

अ‍ॅपवाली: ...ठिपका येईल.

सुपरवायझर: मग ठिपकाच काढा की.

अ‍ॅपवाली: तुम्हाला काय जातंय म्हणायला. यादी कुणीही केली असती, मला बोलावलंय ते ठिपक्यासाठी. हे पसंत पडलं तर पुढच्या सहा लाँड्र्यांचं काम मला मिळणार आहे. दोन महिने धड झोपले नाहीये मी यासाठी.

सुपरवायझर: मी कुठे काय म्हणतोय.

अ‍ॅपवाली: म्हणत नाही, पण बघताय तसे.

(फोन वाजतो.)

सुपरवायझर: बोल गं. ...हं. ...अगं, पण तुला कुणी सांगितलं? ...बरं. बरं, ठेव.

अ‍ॅपवाली: कोण होतं?

सुपरवायझर: तीच. आज दुपारपाळीला आहे, घरून बोलत होती. उद्या गुरुवार.

अ‍ॅपवाली: लिहा तुम्ही ताप. वहीतच लिहा, मी उद्याचं पान आत घेत नाही.

सुपरवायझर: रजा मागत नव्हती. उद्या कामावर येते म्हणाली. कोण कुठल्या वारी दांडी मारतं ते नवीन यंत्राला कळतं, असं इस्त्रीवाला सगळ्यांना सांगत फिरलाय. भावाला आजच कुणाच्या तरी हाती चिठ्ठी धाडणार आहे. लिहिणार आहे, ताईला ताप आलाय.

अ‍ॅपवाली: मग पुढची भेट?

सुपरवायझर: पुढच्या खेपेलाही बहुतेक जमणार नाही म्हणाली. त्याच्या पुढचं बोलली नाही.

अ‍ॅपवाली: तिला परत फोन लावा.

सुपरवायझर: आणि सांगू काय?

अ‍ॅपवाली: सांगा, यंत्राला वार कळत नाहीत.

सुपरवायझर: साहेब ठिपका विचारतील, मॅडम.

अ‍ॅपवाली: विचारू देत. तुम्ही फोन लावा, चिठ्ठी निघायच्या आत.