आईच्या हातची घडी

दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे बहीण-भाऊ नंबर लागायची वाट बघत होते. समोरच्या टीव्हीवर एकजण विक्रमी उंचीवरून पॅराशूट घेऊन उडी मारणार होता.

"ताई, मारली बघ उडी!"

"मी नाही बघत बाई. छत्री उघडली की सांग."

"अगदी आईवर गेलीयेस. तिनं जन्मभर पॅराशूटच्या कारखान्यात छत्र्यांच्या घड्या घातल्या, पण उडी एकदाही बघितली नाही."

"बघवणार कशी? घडी चुकली तर माणूस जायचा."

"म्हणून घरीसुद्धा चादरीची घडी विस्कटली की धपाटा ठरलेला."

"तुलाच. घातल्या घातल्या लोळायचास ना!"

"पण काय घडी असायची! टोक ओढलं की अख्खी चादर सर्रकन मोकळी."

"उघडली का रे?"

"अजून पडतोय. तिची ती निळी चादर तुझ्याकडेच आहे ना?"

"कपाटात आहे. तिनं ठेवली होती तशीच."

"इतकी वर्षं? एकदाही अंथरली नाहीस?... उघडली! ताई, उघडली बघ!"

"सुटला बिचारा."

"मग आज मला तीच चादर दे. राहायला आलोय तर."

"देईन रे. पण सकाळी परत तशी घडी कोण घालणार?"