लोकरीचं गच्च डोकं

माझं माहेर इंदुरीचं, नदीला लागून घर, आन लगीन करून दिलं वराळ्यात. काय सांगू तुमाला, आधी मी एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते, तितं उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं शेवटचं पेर गेलं. जखम भरली, पन काम कोन देईना, हात बघितला की नंतर कळवतो म्हनायचे. घरात बसून मी लय चिडकी झालते, भांडी आपटायची नुसती.

मग गल्लीतल्या शोभाताई आल्या. त्यांच्या शेडमदी परदेशी पाठवायला मासे धरायचे खोटे किडे करत्यात, हूकवर पिसं, लोकर दोऱ्यानं बांधून. मी म्हनलं ताई, बोट न्हाई मला. त्या म्हनल्या, बाकीची हायेत ना, ये.

त्यात अवघड म्हंजे किड्याचं डोकं. लोकरीचा झुपका हूकवर धरायचा, दोऱ्याचे सैल वेढे द्यायचे आन मग आवळायचं, की लोकर चारी अंगानं फुलती. ती नखानं मागं दाबायची, पुढं दुसरा झुपका, असं गच्च भरत जायचं, मग कात्रीनं गोल कापायचं. ढिलं राहिलं की डोकं हूकभोवती फिरतंय. माझी सगळी फिरायची, दाबायला नखच न्हाई तर काय. शोभाताई पिळून बघायच्या, फिरलं की ब्लेडनं कापून हूक परत माझ्यापुढं ठेवायच्या. शेवटी मी म्हनलं, उद्यापासनं येत न्हाई. तवा त्यांनी पेनातली रिफिल काढली, पेनाची रिकामी नळी हूकवर पुढनं घातली आन लोकर मागं रेटली. मी म्हनलं, हे आधी का न्हाई सांगितलं?

म्हनल्या, मला बी आत्ताच सुचलं गं.

त्या नळीनं मी केलेलं डोकं त्यांनी जोर लावून पिळलं, हललं न्हाई. मला रडू आलं, आन त्या चहा सांगायच्या निमित्तानं भाईर गेल्या.

आता नव्या बाया माझ्याच शेजारी बसत्यात शिकायला. परवा ताईंनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, एक गोरा मानूस कमरेएवढ्या पान्यात उभा, माशाच्या ओठात आमचं हिरवट डोकं, मी लगेच वळखलं. त्यानं मासा उचलला, बघितला, हूक काढला आन मासा सोडून दिला. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हनला, मग धरला कशाला, येडी मानसं. मला मातर लय बरं वाटलं बघा. मासा गेला त्याच्या वाटेनं, त्या मानसाची हौस झाली, आन मला हितं काम हाय. असंच सगळ्यांचं चालू दे.