भिंतीनं ऐकलं

हॅलो?… व्हय, मनिषाच बोलतीया. अहो, तुमी विम्याच्या ऑफिसातनंच बोलताय का?… बरं झालं फोन केला. आधी माझं ऐका… मंजुरीचं राहू द्या वो, ऐका ना.

आत्याबाई मागच्या खोलीत अडकल्यात. दार उघडंना… न्हाय, कडी न्हाय लागली, चौकटच दबलीया. शेजारचा संभाजी पहार आणाय गेलाय.

काल ते पाहणीवाले साहेब आले, तवा तुमी काय काय बोलला ते आठवा. चीर पाटाच्या पाण्यानं पडलेली, केसाएवढी. तुमी सांगितलं, भूकंपानं पडली, आत हात जातोय… व्हय, विम्यासाठी. मला काय कळत न्हाय व्हय? पर घरात बसून बोलला. आत्याबाई म्हणाल्या बी, नागेश, वास्तू तथास्तु म्हणत असती, वंगाळ बोलू नको. तुमी हसण्यावारी नेलं.

सकाळी त्या चिरंत माझा हात गेला. पार कोपरापर्यंत… भ्रम न्हाय वो, कोपर खरचटलंय माझं. काल चिरंनंतर तुमी चौकट दबली म्हणाला व्हता. दुपारी चौकट दबली. जसं बोलला तसंच, त्याच क्रमानं… तिसरं? तिसरं तुमी भिंतीचं बोलला व्हता. ते मी ह्या घरात तोंडातनं काढणार न्हाय. आत्याबाईंची बाज त्याच भिंतीला हाय, तुमच्या आईची.

लई भ्या वाटतंय. माती गळतीया चिमूट चिमूट. आत्याबाई आतनं म्हणत्यात, मनिषा, भिंत हुं हुं करतीया, गोष्ट ऐकल्यागत… मला बी येतंय की ऐकू. आता बी येतंय.

तुमी बोलला, तुमीच ते बोलणं मोडा. रिसीवर भिंतीला लावते, वायर पुरती. एवढंच म्हणा, घर धड हाय, मी खोटं बोललो… साहेब शेजारी बसलेत? बसू द्या. विमा गेला तर गेला… अहो, आई हाय तुमची… म्हणताय? नक्की?… लावते. बोला.

…

अहो… कुणाशी बोलताय? हितवर ऐकू येतंय… साहेबांशी? भिंत पडली म्हणून का सांगताय त्यांना?… पडली न्हाय अजून… आई खाली गावली असं नका… अहो, रिसीवर भिंतीलाच हाय, गप बसा…

हुंकार थांबला.

आत्याबाई?… आत्याबाई, ओ द्या की…

ठेवा तुमी फोन. ठेवा.